ओव्ह्युलेशन ट्रॅक करायचंय? मग आधी तो चौदावा दिवस डोक्यातून काढा

आम्ही मूल व्हावं म्हणून चान्स घ्यायला लागलो तेव्हा मला एवढंच माहीत होतं की पाळीच्या चौदाव्या दिवशी अंडं बाहेर पडतं म्हणजेच ओव्ह्युलेशन होतं, शाळेच्या पुस्तकात ती गोल आकृती होती ना तीच डोक्यात बसलेली. फोनमधलं ॲप पण तेच सांगायचं, चौदाव्या दिवसावर एक छान गुलाबी फूल काढून ठेवायचं. मग काय, बारा तेरा चौदा आमची ड्युटी आणि पंधराव्या दिवशी सुटलो एकदाचे म्हणून दोघंही पाठ करून झोपायचो. सात महिने हे असंच. आणि माझी पाळी येते ३३ दिवसांनी, कधी ३१ तर कधी ३५. म्हणजे अंडं सुटत असणार एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी, नेमके आम्ही तेव्हा सुट्टीवर. कोणी हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून आता मी सांगते, जरा लांबलचक होईल.

मुळात गंमत अशी आहे की दिवस पुढून मोजायचेच नसतात, मागून मोजायचे असतात. १९२४ साली क्युसाकू ओगिनो नावाच्या जपानी डॉक्टरांनी हे मांडलं होतं, अंडं बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी. पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात, पहिल्या भागात अंडं पिकतं आणि तो भाग कितीही लांबतो, टेन्शन आलं, आजारी पडलात, प्रवास झाला की अजून लांबतो. दुसरा भाग, म्हणजे अंडं सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा, तो मात्र प्रत्येकीचा बऱ्यापैकी ठरलेला असतो, बहुतेक जणींचा १२ ते १४ दिवसांचा. त्यामुळे २८ दिवसांची पाळी असेल तर चौदावा दिवस बरोबर, ३२ ची असेल तर अठराव्याच्या आसपास, २५ ची असेल तर अकराव्यालाच. "पाळी उशिरा आली" असं आपण म्हणतो ना, तेव्हा खरं तर बहुतेक वेळा अंडंच उशिरा सुटलेलं असतं.

पण मागून मोजण्यात घोळ असा की पुढची पाळी कधी येणार हे आज कुठे माहिती असतं. ॲप तरी काय करतं, मागच्या पाळ्यांची सरासरी काढतं आणि अंदाज ठोकतं. त्याला तुमच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. तारखा लिहून ठेवायला ॲप उत्तम, त्या फुलावर मात्र विसंबू नका. शरीर स्वतः जे सांगतं ते वाचायला शिकायचं, आणि ते दोन प्रकारचं असतं, काही खुणा अंडं सुटायच्या आधी दिसतात आणि काही नंतर. दिवस राहण्यासाठी कामाच्या आहेत त्या आधीच्या.

का, ते सांगते. अंडं एकदा बाहेर पडलं की जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र आत चांगला ओलावा असेल तर पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे अंड्याच्या आधीच त्यांनी तिथे जाऊन वाट बघत बसायला हवं, अंडं सुटल्यावर धावपळ करून फार उपयोग नाही. १९९५ साली अमेरिकेत ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, चान्स घेणाऱ्या २२१ बायकांचा, त्यात दिवस राहिले ते सगळे अंडं सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस अशा सहा दिवसांतल्या संबंधांमुळेच, दुसऱ्या दिवसापासून पुढे काही नाही. त्याच लोकांनी २००० साली अजून एक दाखवलं, की हे सहाच्या सहा दिवस दहा ते सतरा या पुस्तकी दिवसांत बसतात अशा बायका साधारण ३० टक्केच. बाकीच्या सगळ्या माझ्यासारख्या, पुढेमागे.

तर सुरुवात कुठून करायची. पहिला दिवस नीट धरा. पॅड लागेल इतकं लाल रक्त सुरू झालं तो दिवस पहिला, त्याच्या आधी एखादा तपकिरी डाग पडतो तो मोजायचा नाही. रात्री उशिरा सुरू झाली तर दुसऱ्या दिवसापासून मोजलं तरी चालतं, फक्त दर महिन्याला एकच पद्धत ठेवा. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा असतील तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी पाळी किती दिवसांची ते काढून ठेवा, पुढे लागेल.

आता अंगावरून जाणारं पांढरं. हे लिहायला लोक लाजतात पण माझ्या मते ही सगळ्यात भारी खूण आहे, फुकट आहे आणि आधी कळते. पाळी संपली की काही दिवस अगदी कोरडं असतं. मग थोडं चिकट, बोटाला लागलं की गोळा होणारं, ताणलं की लगेच तुटणारं. मग लोशनसारखं पांढुरकं आणि ओलसर. आणि मग एक दिवस टिश्यू सरकन घसरतो, बघावं तर पारदर्शक, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, अंगठा आणि बोटाच्या मधे हळूहळू ताणलं तर दोन-तीन इंच तार निघते आणि तुटत नाही. हेच ते. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन वाढलं की गर्भाशयाच्या तोंडाशी असा स्राव तयार होतो आणि यातूनच शुक्राणू पोहत वर जातात, एरवीच्या घट्ट स्रावात ते अडकतात. असा स्राव ज्या दिवशी शेवटचा दिसतो त्याच्या आसपास एक-दोन दिवसांत अंडं सुटतं. शेवटचा दिवस कोणता होता हे अर्थात दुसऱ्या दिवशी तो आटल्यावरच कळतं, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही, ओलसर वाटायला लागलं तिथूनच कामाला लागायचं.

बघायचं कसं, तर लघवीला जाल तेव्हा आधी टिश्यूने पुसून बघा, दिवसातून दोन-तीनदा. आत बोट घालायची गरज नाही. संबंध झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वीर्य बाहेर येतं त्यामुळे गोंधळ उडतो, ते पातळ असतं आणि तशी तार धरत नाही, शंका आली तर त्या दिवशी प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी हा स्राव कमी होतो हे पण लक्षात ठेवा, मला तर एक महिना काहीच दिसेना म्हणून रडकुंडीला आले आणि नंतर आठवलं की आठवडाभर ॲलर्जीची गोळी चालू होती. आणि हो, खाज, वास, हिरवट-पिवळा रंग, दह्यासारख्या गुठळ्या असलं काही असेल तर ते इन्फेक्शन, ते ट्रॅक करत बसायचं नाही, दाखवून यायचं.

दुसरी गोष्ट स्ट्रिप्स, ओव्ह्युलेशन किट म्हणतात ते. अंडं सुटायच्या आधी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं हार्मोन एकदम जोरात सोडते, ते लघवीत येतं आणि स्ट्रिप ते पकडते. एलएच वाढायला लागल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत अंडं सुटतं. म्हणजे स्ट्रिप पॉझिटिव्ह आली तो दिवस आणि पुढचा दिवस, हे दोन अजिबात सोडायचे नाहीत.

इथे सगळ्यात जास्त जणी चुकतात ते रेषांमध्ये. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दुसरी रेघ फिकट आली तरी ती पॉझिटिव्ह धरतात, इथे तसं नाही. एलएच थोडंफार कायमच असतं त्यामुळे फिकट दुसरी रेघ जवळजवळ रोजच दिसते, तिला काही अर्थ नाही. टेस्टची रेघ शेजारच्या कंट्रोलच्या, म्हणजे स्ट्रिप नीट चालली हे दाखवणाऱ्या रेघेइतकी गडद किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. मी बाथरूमच्या ट्यूबलाईटखाली स्ट्रिप तिरकी धरून, फोनचा टॉर्च मारून, नवऱ्याला झोपेतून उठवून "ही जास्त गडद आहे का ती" असं विचारायचे, तो बिचारा दोन्ही सारख्याच दिसतात म्हणायचा आणि परत झोपायचा. यावर साधा उपाय, रोजच्या स्ट्रिप्स तारीख घालून कागदावर एकाखाली एक चिकटवा. एकटी स्ट्रिप कळत नाही, सात दिवसांच्या एकाखाली एक बघितल्या की रेघ कशी चढत गेली ते लांबूनही दिसतं. आणि पाकिटावर जितकी मिनिटं लिहिलीत तेवढ्यातच वाचा, वाळल्यावर गडद झालेली रेघ धरायची नाही.

कधीपासून करायच्या, तर तुमच्या सगळ्यात लहान पाळीतून १७ वजा करा. माझी लहानात लहान ३१ म्हणून चौदाव्या दिवसापासून, २८ असेल तर अकराव्यापासून. वेळ म्हणाल तर बऱ्याच जणींमध्ये एलएच पहाटे वाढायला लागतं आणि लघवीत यायला काही तास जातात, त्यामुळे साध्या स्ट्रिप्सना दुपार ते संध्याकाळची वेळ बरी पडते, तरी तुमच्या पाकिटावर सकाळचीच सांगितली असेल तर तसं करा. करायच्या आधी दोनेक तास लघवी धरून ठेवा आणि ढसाढसा पाणी पिऊ नका, नाहीतर पातळ होऊन रेघ फिकी पडते. रेघ गडद व्हायला लागली की दिवसातून दोनदा करा, काहींमध्ये एलएच इतकं पटकन चढून उतरतं की दिवसाला एकच केली तर हातातून निसटतं.

पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असेल त्यांच्यासाठी वेगळं सांगावं लागेल, तिथे एलएच मुळातच जास्त असू शकतं, मग स्ट्रिप चार-पाच दिवस पॉझिटिव्हच दाखवत बसते किंवा पॉझिटिव्ह येऊन अंडं काही सुटत नाही. शरीर प्रयत्न करतं, जमत नाही, दोन आठवड्यांनी परत करतं. अशा वेळी नुसत्या स्ट्रिपवर भरवसा नको, सोबत तापमान घ्या नाहीतर सरळ सोनोग्राफीने बघून घ्या.

तापमान म्हणजे सकाळी उठल्याउठल्या, खरं तर उठायच्याही आधीचं. अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि त्याने अंग किंचित गरम होतं, साधारण ०.२ ते ०.५ डिग्री सेल्सियस. एवढासा फरक तापाच्या थर्मामीटरवर कळत नाही, पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा घ्या. झोपायच्या आधी तो उशीखाली ठेवायचा, अलार्म वाजला की बोलायचं नाही, पाणी नाही, बाथरूम नाही, आधी जिभेखाली थर्मामीटर. रोज साधारण एकाच वेळी आणि त्याआधी निदान तीन तास सलग झोप झालेली हवी. आकडा लगेच लिहून ठेवा, "नंतर लिहिते" म्हटलं की ३६.३५ होतं का ३६.५३ हे ब्रशला पेस्ट लावेपर्यंत विसरलेलं असतं.

माझ्या एका महिन्याचं सांगते म्हणजे कळेल. तेराव्या ते अठराव्या दिवसापर्यंत ३६.३५, ३६.४०, ३६.३१, ३६.४२, ३६.३८, ३६.३३ असं वरखाली चाललेलं. सोळाव्याला ओलसर वाटायला लागलं, अठराव्याला ती लांब तार, संध्याकाळी स्ट्रिप कचकचीत गडद. एकोणिसाव्याला सकाळी ३६.३६, दुपारी उजव्या बाजूला ओटीपोटात बारीकशी कळ, तास-दोन तास. विसाव्याला ३६.६५, मग ३६.७०, मग ३६.७२ आणि अंगावरून जायचं एकदम बंद. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचे असे सलग तीन दिवस दिसले की अंडं सुटून गेलं असं धरायचं, म्हणजे माझं एकोणिसाव्याला. पाळी आली तेहेतीस दिवस पूर्ण झाल्यावर, अंडं सुटल्यानंतर बरोबर चौदा दिवस. हे पहिल्यांदा कागदावर बघितलं तेव्हा मी त्या गुलाबी फुलाला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

त्या कळीबद्दल एवढंच की काहींना ती येते, काहींना कधीच येत नाही, आणि गॅसची कळ पण तशीच असते, तेव्हा तिच्यावर हिशोब करू नका.

आता तापमानाचा तोटा तुमच्या लक्षात आला असेल, ते चढेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. या महिन्यासाठी त्याचा उपयोग नाही, पण दोन-तीन महिने केलंत की आपलं अंडं कधी सुटतं आणि मुळात सुटतं का हे कळतं. रात्री ताप, जागरण, दारू, वेळ बदलली यांनी आकडा बिघडतो, तो दिवस गोल करून सोडून द्या. ज्यांची नाईट शिफ्ट असते किंवा घरात रात्री चारदा उठवणारं लेकरू आहे त्यांनी याच्या मागे लागूच नये असं मला वाटतं, स्ट्रिप आणि स्राव भरपूर झालं. खरं सांगायचं तर मी पण तीन महिन्यांनी थर्मामीटर बंद केला, सकाळी डोळे उघडल्यावर पहिला विचार आकड्याचा, त्यावर अख्ख्या दिवसाचा मूड, नको झालं होतं.

संबंध किती वेळा हा प्रश्न सगळ्या विचारतात. त्या सहा दिवसांत रोज किंवा एक दिवसाआड, दोन्ही चालतं. "साठवून ठेवायचं" म्हणून आठवडाभर थांबणारे असतात, त्याचा फायदा नाही, फार दिवसांच्या गॅपने उलट शुक्राणूंचा दर्जा घसरू शकतो. आमचं जमलं ते असं की ओलसर वाटायला लागलं की एक दिवसाआड आणि स्ट्रिप पॉझिटिव्ह आली की तो आणि पुढचा दिवस. नंतर पाय वर करून पडून राहायची गरज नाही, शुक्राणू काही मिनिटांत वर निघालेले असतात, बाहेर येतं ते येऊ द्या. कोरडेपणासाठी जेल वापरत असाल तर मात्र बघून घ्या, नेहमीची बरीचशी जेल आणि थुंकीसुद्धा शुक्राणूंची हालचाल मंदावते, चान्स घेणाऱ्यांसाठी वेगळी मिळतात ती घ्या.

आणि नवऱ्याला रोजचं बुलेटिन देऊ नका हो. मी ऑफिसात असताना स्ट्रिपचा फोटो पाठवायचे, खाली "आज" एवढंच, आणि तो घरी यायचा परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून. दोन महिने त्या दोन दिवसांतच आमचं भांडण झालंय. नंतर मी फक्त सांगायचं बंद केलं, चार-पाच दिवस आधीपासूनच जरा लाडीगोडी, त्याला तारीख माहीतच नाही, आणि त्याने बराच फरक पडला. काही नवरे असे असतात की त्यांनाच चार्ट भरायला आवडतो, तुमचा तसा असेल तर मजा आहे तुमची.

अंडं सुटल्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात वाईट. प्रोजेस्टेरॉनने छाती दुखते, पोट फुगतं, चिडचिड होते, आणि ही सगळी लक्षणं दिवस राहिले तरी तीच आणि पाळी येणार असली तरी तीच. गर्भ रुजायलाच अंडं सुटल्यावर साधारण ६ ते १२ दिवस लागतात त्यामुळे आठव्या दिवशी टेस्ट करून काही कळत नाही. चौदा दिवस होऊ द्या, मग सकाळच्या पहिल्या लघवीने करा. तापमान घेत असाल आणि ते १८ दिवस खाली आलंच नाही तर नक्की करा. ट्रीटमेंट चालू असताना एचसीजीचं, म्हणजे प्रेग्नन्सी टेस्ट जे हार्मोन शोधते त्याचंच, इंजेक्शन घेतलं असेल तर त्याच्यानेच टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येते, किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांनाच विचारा. बरोबर वेळ साधली म्हणजे त्याच महिन्यात होतं असंही नाही, सगळं नॉर्मल असलेल्या तरुण जोडप्यातही एका महिन्याचा चान्स चारात किंवा पाचात एक एवढाच असतो, वर्षभरात मात्र दहातल्या आठ-साडेआठ जणींना दिवस राहतात. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी ट्रॅकिंगच्या पहिल्या महिन्यापासूनच चालू करा, ती दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून पोटात जायला हवी.

डॉक्टरकडे कधी जायचं तर वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, ३५ च्या पुढे सहा महिन्यांनी, चाळिशी आली असेल तर थांबूच नका. पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पुढे येत असेल, दोन-दोन महिने येतच नसेल, तीन महिन्यांत एकदाही तापमान चढलं नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, थायरॉईड असेल तर वर्षाची वाट बघायची नाही. तिथे फॉलिकल मॉनिटरिंग करतात, एक दिवसाआड सोनोग्राफी करून अंड्याची पिशवी किती मोठी झाली ते मोजतात, साधारण १८ ते २४ मिलिमीटरला ती फुटते. एक रक्ताची प्रोजेस्टेरॉन टेस्ट पण असते, तिला एकविसाव्या दिवसाची टेस्ट म्हणतात आणि इथे परत तोच घोळ, ती एकविसाव्याला करायची फक्त २८ दिवसांची पाळी असेल तर. खरं म्हणजे ती पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. माझी एकविसाव्याला केली, रिपोर्टवर लिहून आलं अंडं सुटलेलं नाही, मी दोन दिवस जेवले नाही. चार्ट दाखवल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात सव्विसाव्याला करायला लावली, व्यवस्थित आली. तेव्हा जाताना तारखांचा कागद, स्ट्रिप्स चिकटवलेलं पान, काय असेल ते घेऊन जा आणि टेस्ट सांगितली की माझी पाळी इतक्या दिवसांची आहे हे तोंडाने सांगा.

आणि पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्य तपासणी करून घ्या. आपण सहा-सहा महिने लघवीत स्ट्रिपा बुडवत बसतो आणि त्याची एक साधी टेस्ट कोणी सांगत नाही, सुई नाही काही नाही, त्याच्या आधी २ ते ७ दिवस संबंध ठेवायचे नाहीत एवढंच. ती तारीख फक्त तुमच्या त्या सहा दिवसांत येणार नाही असं बघून घ्या, पाळी चालू असतानाच उरकून टाकलेली बरी.